आक्कांच्या फॉर्मवर मी लिहिलेलं ‘नाही’

“गाठ कधीपासून आहे?” रिपोर्ट वाचता वाचता डॉक्टर मॅडमनी विचारलं.

“दोन भातं झाली की,” आक्का म्हणाल्या.

मॅडमना कळलं नाही. आमच्या वेल्ह्याकडं वर्षं भातावर मोजतात, ते पुण्याच्या डॉक्टरला कसं कळावं? मी सांगितलं, “दिवाळीला दोन वर्षं होतील, मॅडम.” दोन भातांपूर्वी, झोडणी उरकल्यावर, याच आक्कांचा तपासणीचा फॉर्म मी भरला होता. ‘स्तनात गाठ आहे का?’ या प्रश्नापुढं मी माझ्या हातानं ‘नाही’वर खूण केली होती. आक्कांना न विचारता.

रिपोर्टवर लिहिलं होतं, ‘इन्व्हेजिव्ह डक्टल कार्सिनोमा’. मॅडमनी समजावून सांगितलं. कार्सिनोमा म्हणजे कर्करोग. डक्टल म्हणजे दुधाच्या नळीत सुरू झालेला. इन्व्हेजिव्ह म्हणजे नळीची भिंत ओलांडून आजूबाजूला गेलेला. आक्कांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हंजी कॅन्सरच ना?”

“हो, आजी.”

“मंग तसं म्हना की. आन आजी कुनाला म्हनता? बावन्न पुरी न्हाईत मला.”

मॅडम हसल्या. मला हसू आलं नाही. मी खुर्चीची कड धरून बसले होते.

आधी माझी ओळख सांगते. मी आमच्या गावची आशा सेविका आहे. तालुक्याला आता राजगड म्हणतात, पण आमच्या तोंडात वेल्हंच बसलंय. माझं माहेर कामथडीचं, हायवेकडचं, म्हणून लग्न होऊन आले तेव्हा सासरी मला ‘शहरातली’ म्हणायचे. आक्का माझ्या थोरल्या जाऊबाई. मला भाताचं रोप धरायला त्यांनी शिकवलं, माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी काढली. माझ्या दहावी पासचं कौतुक माझ्या नवऱ्यापेक्षा त्यांनाच जास्त.

आशा ही गावची सून असावी असा नियम आहे. नियम चांगला आहे, सून गाव सोडून जात नाही. पण ज्यानं तो केला तो कधी कुणाची सून नव्हता. गावातला निम्मा पुरुष माझा सासरा लागतो, उरलेला दीर. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि त्यांच्याच सोप्यात बसून त्यांच्या बायकांना प्रश्न विचारायचे.

तो फॉर्म तीस वर्षांवरच्या सगळ्यांचा असतो. तंबाखू खाता का, रोज किती चालता, कमरेचा घेर किती, घरात कुणाला शुगर आहे का. पुढं बायकांचे प्रश्न येतात. स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकार बदलला का. त्या दिवशी आमच्या सोप्यात थोरले दीर, म्हणजे आक्कांचे मालक, बसले होते, त्यांना मी दादा म्हणते, आणि पुतण्याच्या सोयरिकीसाठी आलेले दोन पाहुणे. आक्का आत चुलीपुढं चहा करत होत्या, दारातून दिसत होत्या. मी उंबऱ्याशी बसून फॉर्म भरत होते.

तंबाखूचं विचारलं तेव्हा दादांनीच उत्तर दिलं, “मशेरी लावती की. आठवड्याला डबी सपाट.” पाहुणे हसले. आत जाऊन मी आक्कांच्या कमरेला टेप लावला, परत उंबऱ्याशी आले आणि त्या प्रश्नावर थांबले. आक्कांकडं पाहिलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, दादांसमोर मी पाणी हवं का याच्यापुढं बोलले नव्हते. तो शब्द माझ्या तोंडातून निघाला नाही. ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’. तीन खुणा केल्या आणि पान उलटलं.

सगळ्या गावाचे फॉर्म मी असेच भरले. काम शंभर टक्के झालं म्हणून मासिक बैठकीत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या होत्या. मी घरी येऊन आक्कांना ते सांगितलंही होतं. त्यांनी माझी दृष्ट काढली.

*

मला गाठ कळली ती त्यानंतरच्या दुसऱ्या आवणीच्या दिवसांत. आवणी म्हणजे आमच्याकडं भाताची रोपं लावायचं काम. आक्का सगळ्यांच्या पुढं असायच्या, त्यांच्या ओळीशी ओळ लावताना आमच्या कमरा मोडायच्या. त्या वर्षी त्या मागं पडू लागल्या. डावा हात भरून येतो म्हणाल्या. संध्याकाळी भिजून घरी आलो, त्या पडवीत कपडे बदलत होत्या आणि मी टॉवेल द्यायला गेले. डाव्या बाजूची कातडी बारीक खड्ड्याखड्ड्यांची झाली होती आणि बोंड आत ओढलं गेलं होतं. ट्रेनिंगमध्ये हेच चित्र दाखवलं होतं, संत्र्याच्या सालीसारखी कातडी. चित्राखालचं वाक्य मी वहीत लाल पेनानं उतरून घेतलं होतं.

“हे काय आक्का?”

“हाय जरा गाठ. दुखत न्हाई,” त्या म्हणाल्या आणि टॉवेल ओढून घेतला.

न दुखणारी गाठ, हेही वहीत होतं. बायांनो, हे एवढं लक्षात ठेवा. दुखत नाही म्हणून बाई गप्प बसते. ही गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

आता माझी दुसरी चूक सांगते, म्हणजे तुमच्याकडून ती होणार नाही. दादा आम्हाला हायवेकडच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी ब्लाउजवरूनच दाबून पाहिलं आणि सांगितलं, “चरबीची गाठ आहे. उद्या या, जागच्या जागी भूल देऊन काढून टाकू. अर्ध्या तासाचं काम.” दादा खूश झाले. आक्का खूश झाल्या, राहिलेली आवणी हातची जाणार नव्हती. आणि खरं सांगते, मीही खूश झाले. मला कुणीतरी ‘काही नाही’ म्हणायला हवंच होतं.

आमच्या उपकेंद्रात आरोग्य अधिकारी मॅडम असतात, वयानं माझ्याहून पुष्कळ लहान. दोन दिवस येणार नाही हे कळवायला मी परतीच्या बसमधून त्यांना फोन केला. त्या फोनवर इतक्या जोरात ओरडल्या की बसमधल्या बाईनं वळून पाहिलं. “सुरी लावू द्यायची नाही! आधी सुईची तपासणी, मग काय ते. गाठ कसली आहे हे न बघता कापली तर अर्धी आत राहते, पुढच्या इलाजाचा सगळा क्रम बिघडतो.” नंतर पुण्याच्या वॉर्डात मला असंच झालेली एक बाई भेटली. तिची गाठ आधी कुणीतरी कापली होती, तपासायला पाठवलीच नव्हती. ती आता पहिल्यापासून सगळं करत होती.

उपकेंद्राच्या मॅडमनी पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली आणि कुठल्या वारी, कुठल्या खिडकीला जायचं तेही लिहून दिलं. या दुसऱ्या ओळीची किंमत तिथं गेल्यावर कळते. त्या आवारात खिडक्याच खिडक्या आणि प्रत्येक खिडकीवरचा माणूस पुढच्या खिडकीकडं बोट दाखवतो.

मग तपासण्या सुरू झाल्या. पहिल्या दिवशी सोनोग्राफी आणि मॅमोग्राफी. मॅमोग्राफी म्हणजे स्तनाचा एक्स-रे, दोन पाट्यांमध्ये दाबून काढतात. क्षणभर दुखतं, मग झालं. आक्का बाहेर येऊन म्हणाल्या, “भाकरी थापल्यागत थापली बाई.” चार दिवसांनी कोअर बायोप्सी. भूल देऊन जाड सुईनं गाठीतून शेवईएवढे तुकडे काढतात आणि तपासायला पाठवतात. त्यानंतर आयएचसी. कॅन्सर कशावर वाढतोय, बाईच्या अंगातल्या हार्मोनवर की आणखी कशावर, ते यातून कळतं आणि त्यावरून औषध ठरतं. हा रिपोर्ट उशिरा येतो. ‘रिपोर्ट आलाच नाही, तरी सुरू करू’ असं कुणी म्हटलं तर थांबा आणि विचारा. मग छातीचा आणि पोटाचा सीटी स्कॅन, कुठं पसरलाय का ते पाहायला.

या सगळ्याला साडेतीन आठवडे गेले. पहाटेची एसटी, दुपारपर्यंत बाकड्यावर, संध्याकाळी परत. आक्का फडक्यात भाकरी बांधून आणायच्या आणि बाकड्यावरच्या अनोळखी बायकांना वाटायच्या. मला भूक नसायची. प्रत्येक खिडकीवर कुणीतरी विचारायचं, “गाठ कधीपासून?” आणि प्रत्येक वेळी आक्का सांगायच्या, “दोन भातं.” मी दुसरीकडं पाहायची.

सीटीत बाकी सगळं स्वच्छ निघालं. पण काखेतल्या गाठींपर्यंत आजार गेला होता. तिसरी स्टेज. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, “बरा करण्यासाठीच इलाज करतोय, हे पक्कं धरा. पण लांबचा रस्ता आहे. आधी आठ केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन, मग रोज एक गोळी काही वर्षं. मधला एकही टप्पा गाळायचा नाही. अर्धवट इलाज झालेल्या बायका माझ्याकडे परत येतात, तेव्हा माझ्या हातात फारसं काही नसतं.”

*

केमो म्हणजे सलाइनमधून दिलेलं औषध. दर तीन आठवड्यांनी एक. ओळीनं खुर्च्या मांडलेल्या असतात. आक्कांच्या शेजारच्या खुर्चीत नीलाताई असायच्या, पुण्यातल्याच, शाळेत शिकवायच्या. वय आक्कांएवढंच. त्यांची गाठ हाताला लागतही नव्हती. चाळिशीनंतर त्या ठरावीक काळानं मॅमोग्राफी करत आल्या होत्या, त्यातच ती ठिपक्याएवढी दिसली. ऑपरेशन आधीच झालेलं, स्तन वाचलेला, आणि चार केमोंत त्यांची सुट्टी.

मला त्यांचा राग आला. काही कारण नसताना. त्या बिचाऱ्या तर आक्कांसाठी डब्यातून लिंबाचं लोणचं आणायच्या. दोघी एकाच देवाची लेकरं, एकाच वयाच्या, साठेक किलोमीटरवर राहणाऱ्या. एकीचा आजार ठिपका असताना सापडला आणि दुसरीचा दोन भातं सापडला नाही. पण राग नीलाताईंवर नव्हताच. त्यांच्या आणि आक्कांच्या मधल्या रस्त्यावर सरकारनं ज्या बाईला उभं केलं होतं, ती मी होते.

दुसऱ्या केमोला आक्कांचे केस गेले. तिसऱ्याला आम्ही पहाटे निघून पुण्यात पोचलो तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी आल्या, आणि केमो न घेता परत आलो. आक्का एसटीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्या. तेव्हा तिथल्या सिस्टरनी एक सोपा उपाय काढला. आदल्या दिवशी भोरला रक्त तपासायचं, रिपोर्टचा फोटो मोबाईलवर पाठवायचा, त्या ‘या’ म्हणाल्या तरच निघायचं. नसरापूरला गाडी बदलून भोर गाठायचं, दुपारी घरी. तुमच्या गावापासून मोठं हॉस्पिटल लांब असेल तर हे नक्की विचारा. आपण होऊन कुणी सांगेलच असं नाही.

चौथ्या केमोच्या आदल्या संध्याकाळी घरात भांडण झालं. कापणी तोंडावर आली होती. दादा म्हणाले, “भात उभं हाय. आठ दिसांनी गेलं म्हनून काय बिगडतंय?”

आक्का लगेच म्हणाल्या, “म्या बी त्येच म्हनते. भात झडलं तर वरीसभर काय खायाचं? आन आंगात त्रान न्हाई. कापनी हूंद्या, मंग जाऊ.”

मी भांडी घासत होते. हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि सोप्यात येऊन उभी राहिले. पदर कुठं होता मला माहीत नाही.

“दादा,” मी म्हटलं, “आक्कांच्या थानात कॅन्सर हाय. काखेपतोर गेलाय. डाक्टरीनबाई म्हनल्या, येक बी गाळायची न्हाई. तुमी भात बगा. आमी दोघी उद्या पुन्याला जानार.”

दादांनी माझ्याकडं पाहिलं, मग खाली पाहिलं. अठरा-वीस वर्षांत मी त्यांच्याशी इतकं बोलले नव्हते, आणि बोलले ते हे. मोठ्या आवाजात, शेजारच्या ओट्यावर ऐकू जाईल असं. मला वाटलं आता घर डोक्यावर घेतील. ते उठून बाहेर गेले. सकाळी एसटीच्या थांब्यावर आम्ही पोचलो तर दादा आधीच तिथं. एका हातात आक्कांची शाल, दुसऱ्यात पाण्याची बाटली.

“खिडकीशी बसीव तिला,” एवढंच म्हणाले.

भात शेजारच्यांनी येऊन कापलं. थोडं झडलं.

बसमध्ये मला एकच गोष्ट छळत होती. तो शब्द मी बोलले. काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही. मग दोन भातांपूर्वी काय अडलं होतं? आक्का शेजारी झोपल्या होत्या, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांना सांगून टाकावं असं वाटलं, पण धीर झाला नाही. त्यांना अजून माझा आधार हवा आहे, मध्येच कशाला सांगायचं, अशी मी मनाची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. मला त्यांच्या नजरेतून उतरायचं नव्हतं.

*

आठवी केमो झाली. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. मार्चात ऑपरेशन झालं. स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या. आठ-दहा दिवस एक नळी आणि बाटली लावतात, त्यात आतलं पाणी जमा होतं. आक्का ती बाटली पिशवीत घालून वॉर्डभर फिरायच्या आणि सगळ्यांची विचारपूस करायच्या. पट्टी पहिल्यांदा सोडली तेव्हा मात्र त्यांनी डोळे मिटून घेतले. “तू बग आदी,” म्हणाल्या. मी पाहिलं. आडवी, सरळ शिवण होती.

“कशी हाय?”

“बांधावानी हाय आक्का. सरळ.”

मग त्यांनी डोळे उघडले. बराच वेळ पाहत राहिल्या. रडल्या नाहीत, पण त्या दिवशी बाटली घेऊन वॉर्डभर फिरल्या नाहीत.

रेडिएशन म्हणजे किरणांचा इलाज. रोज जायचं, शनिवार-रविवार सोडून, तीन आठवडे. मशिनखाली जेमतेम दहा मिनिटं. आमच्या गावाहून रोजचं जाणं-येणं शक्य नव्हतं. याच टप्प्यावर कितीतरी बायका इलाज सोडतात, कारण दहा मिनिटांसाठी रोज सहा तास कोण देणार? पुण्यातच, धनकवडीत, माझ्या भावाची खोली होती. आम्ही दोघी तिथं राहिलो.

काखेतल्या गाठी काढल्यावर हात आखडतो, सुजतो. त्यासाठी व्यायाम असतो. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर वर वर चढत जायचं. जिथं हात थांबेल तिथं मी खडूनं रेघ मारायची आणि तारीख टाकायची. भावाच्या भिंतीवर आमच्या रेघांची शिडी तयार झाली होती.

एका रविवारी दुपारी आक्कांचा हात कालच्या रेघेपर्यंत पोचला आणि थांबला. मी खडू घेऊन शेजारी उभी होते. का कुणास ठाऊक, तेव्हाच तोंडातून निघालं.

“आक्का, त्या फारमावर म्या तुमाला न इचारता ‘न्हाई’ लिवलं हुतं. गाठीच्या म्होरं.”

त्यांची बोटं भिंतीवर तशीच राहिली. “ठावं हाय,” त्या म्हणाल्या.

“ठावं हाय?”

“म्या चुलीम्होरं न्हवते का? तू माज्याकडं बगितलंस. म्या म्हनलं, आता ही इचारती. पदराला हात पुसून उटायच्या बेतात हुते. मंग तू पान उलटलंस.”

“मंग तुमी का न्हाई बोलला? नंतर तरी, आपुन दोघीच आसताना?”

“अगं, तू आशा. तुला टरेनिंग हाय, लिवाय-वाचाय येतं. म्या म्हनलं, इचारन्यासारखं कायतरी आसतं तर हिनं इचारलंच आसतं. न्हाई इचारलं, म्हंजी साधीच गाठ आसंल.”

मी खाली बसले. इतके महिने मला वाटत होतं की मी एक प्रश्न गाळला. आक्कांच्या लेखी मी उत्तर दिलं होतं. आणि माझ्यावर भरवसा ठेवून त्यांनी एक भात लावलं, कापलं, झोडलं आणि दुसऱ्याच्या आवणीलाही उतरल्या. मी तोंडावर पदर घेऊन रडले, हुंदके देऊन, शेजारच्या खोलीतलं पोर डोकावून जाईपर्यंत.

“तुमाला माजा राग न्हाई आला?”

“आला की. पयल्या केमूच्या येळी लई आला. तू माजं डोकं धरून बसली हुतीस आन म्या मनात तुला शिव्या देत हुते.”

“मंग?”

“मंग काय. किती दिस देनार? वकारी आली की भांडं तूच धरायचीस.” त्यांनी उजवा हात माझ्याकडं पसरला. “पुरं आता. खडू दे हिकडं.”

मी खडू दिला. त्यांनी दात आवळले, डावा हात कालच्या रेघेच्या चार बोटं वर सरकवला आणि उजव्या हातानं स्वतःच रेघ मारली. वाकडी आली. तारीख मी घातली.

*

आता आक्का घरी आहेत. रोज एक गोळी, दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं. डाव्या हातावर ओझं नाही, सुई नाही, बीपीचा पट्टा नाही. यंदा आवणीला त्या पाण्यात उतरल्या नाहीत. बांधावर बसून आमच्या ओळींना नावं ठेवत होत्या.

मी सगळ्या गावाचे फॉर्म परत भरायला घेतले. उपकेंद्राच्या मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्यांनी कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा माझ्यापुढं ठेवला. या वेळी सोप्यात बसायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण कुठं बसायचं ते सुचत नव्हतं. ते आक्कांनी सुचवलं. आवणीच्या दिवसांत दुपारची भाकरी बायका शेतातल्या खोपीत एकत्र खातात, पुरुष औताकडं असतात. तिथं आक्का यायच्या. पहिल्या दिवशी मी प्रश्न विचारला तर बायका एकमेकींकडं बघून खुसखुसल्या. आक्कांनी ब्लाउजचे हुक काढले आणि शिवण दाखवली. “म्या लाजले. ही बी लाजली,” माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. “बगा, काय झालं त्ये.” खुसखूस थांबली. मग एकेक बाई माझ्यासोबत खोपीच्या मागच्या बाजूला आली.

ज्या घरच्या बायका शेतात येत नव्हत्या, तिथं दादा आमच्याबरोबर यायचे. सोप्यात जाऊन घरातल्या माणसांना म्हणायचे, “चला, जरा भायेर बसू. बायकांचं काम हाय.” आणि त्यांना घेऊन वडाच्या पारावर जाऊन बसायचे. त्यांनी कधी जास्त काही विचारलं नाही. तीन बायकांच्या गाठी सापडल्या. दोघींच्या साध्या निघाल्या. तिसरीच्या सुईच्या आणि बाकीच्या तपासण्या झाल्यात, आजार पहिल्या स्टेजचा आहे. तिला घेऊन मी परवा पुण्याला जातेय.

डॉक्टर मॅडम, त्या सिस्टर, आमच्या उपकेंद्राच्या ओरडणाऱ्या मॅडम, लोणचंवाल्या नीलाताई, यांचे उपकार कसे फेडायचे मला माहीत नाही. जी बाई हे वाचत असेल तिला एवढंच सांगते, तुम्हाला कुणी विचारलं नाही तर विचारायची वाट पाहू नका. आणि माझ्यासारखी जी विचारणारी असेल, तिनं पान उलटू नये.

शेवटचा फॉर्म आमच्याच घरचा राहिला होता. काल दुपारी पडवीत बसून आक्कांचा भरला. मशेरी? “सोडली.” खरंच सोडलीय. एकेक प्रश्न पूर्ण वाचला, त्यांनी एकेक उत्तर दिलं. उजव्या बाजूला गाठ? “न्हाई. म्हैन्याला बगते, तू दावलंस तसं.” मी खूण केली, सही केली, पेनाला टोपण लावलं.

“आन तुजा?” आक्का म्हणाल्या.

“माजा मागंच झालाय. उपकेंद्रात भरला हुता.”

“कुनी इचारलं हुतं तुला?”

त्या पहिल्या खेपेला सगळ्यांचे झाल्यावर माझा मीच भरला होता, उभ्या उभ्या, एका मिनिटात. सगळीकडं ‘नाही’.

आक्का सरकून माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांना वाचता येत नाही, पण इतक्या दुपारी ऐकून प्रश्न त्यांना पाठ झालेत. “सांग,” त्या म्हणाल्या. “थानात गाठ हाय का?”

मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“थांबा आक्का,” मी म्हटलं. “बगून सांगते.”